राणीच्या बागेतून परतताना: प्राणिसंग्रहालयाचे तुमचे अनुभव

मुंबईच्या कितीतरी पिढ्यांनी आयुष्यातला पहिला वाघ भायखळ्याच्या राणीच्या बागेत पाहिला. परतताना मुलं खुशीत असतात आणि मोठ्यांपैकी कुणीतरी गप्प होतं. त्या गप्प होण्याबद्दल लिहा. प्राणिसंग्रहालयं हवीत का नकोत, हा वाद इथे नको. काय पाहिलंत आणि काळजात कुठे कालवाकालव झाली, तेवढंच सांगा.

माझं सांगते. लेकीला पेंग्विन दाखवायला गेले होते. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हे हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ आणले, त्यातला एक काही महिन्यांतच दगावला. काचेच्या अलीकडे घामाने निथळणारी गर्दी, पलीकडे सोळा ते अठरा अंश. पेंग्विन पाण्याखाली सुसाट वळला की लेक टाळ्या पिटायची, आणि खरं सांगते, मीही. पण हे पक्षी जखमी होते म्हणून इथे आले नाहीत. आपल्याला बघायचे होते म्हणून आले. वाघांसमोर मला तसं टोचलं नाही. शक्ती आणि करिश्मा ही जोडी २०२० मध्ये आली ती तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून. माणसांच्या हातचं खाऊन वाढलेला वाघ जंगलात सोडला तर बहुधा उपाशी मरेल.

पुण्याहून

आमचं लहानपण सारसबागेजवळच्या पेशवे पार्कात गेलं. फुलराणी या छोट्या आगगाडीची फेरी, मग वाघ. उग्र वासावरूनच पिंजरा जवळ आल्याचं कळायचं. गजांमागे तो चार पावलं जायचा, वळायचा, पुन्हा चार पावलं. आम्हाला वाटायचं, ऐटीत फिरतोय. तो कोंडलेल्या जनावराला लागलेला चाळा असतो, हे मोठेपणी कळलं. पुढे प्राणी कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात हलवले. तिथे खंदक आहे, झाडी आहे, आणि वाघ बऱ्याचदा दिसतच नाही. लोक कुरकुरतात, तिकीट वाया गेलं म्हणतात. मला उलट बरं वाटतं. नको असेल तेव्हा माणसांच्या नजरेआड होता येतं, एवढं तरी त्याला मिळालंय.

कात्रजच्या सर्पोद्यानाचं मात्र आमच्या घरावर ऋण आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखायला वडील तिथे शिकले. शेतात दिसेल तो साप ठेचणारा हा माणूस आता धामण निघाली तर तिला वाट करून देतो.

राखणदाराच्या घरून

माझे वडील एका प्राणिसंग्रहालयात नोकरीला होते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वाघ-बिबट्यांना उपास असे, म्हणून दुसऱ्या दिवशी वडील घरातून लवकर निघायचे. एक बिबट मादी त्यांच्या सायकलचा आवाज ओळखायची. ती म्हातारी झाली, दात गेले, तेव्हा तिला खिमा करून घालायचे. जंगलात असती तर ती कधीच गेली असती, असं ते म्हणत. आणि बघायला येणारे जाळीवर दगड मारत, वेफर्सची पाकिटं आत फेकत. एका चितळाच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा निघाला, त्या दिवशी वडील जेवले नाहीत. मला अजूनही पिंजऱ्यापेक्षा त्या गर्दीचा राग जास्त येतो.

सिंगापूरहून

इथे इनुका नावाचं ध्रुवीय अस्वल होतं. १९९० मध्ये इथेच, विषुववृत्ताजवळ जन्मलं. बर्फाचा समुद्र त्याने कधी पाहिलाच नाही. २०१८ मध्ये फार थकल्यावर त्याला शांतपणे मरण दिलं. यापुढे ध्रुवीय अस्वल आणायचं नाही, असं संग्रहालयाने आधीच ठरवलं होतं. हळहळलो, पण त्या निर्णयाने मोकळंही वाटलं.

जुन्नरहून

आमच्याकडे बिबट्या तिकीट काढून बघावा लागत नाही. उसात मादी पिल्लं घालते. तोडणीत पिल्लं सापडली की वनखात्याची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी परत ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. हे पाहिलंय आणि अंगावर काटा आलाय. पण माणसावर हल्ला झाला की पिंजरा लागतो, आणि धरलेला बिबट्या जातो माणिकडोहच्या निवारा केंद्रात. तिथले कित्येक पुन्हा बाहेर पडत नाहीत. शहरातले पाहुणे म्हणतात, जंगलात सोडा. कुठल्या जंगलात? यांच्या पिढ्या उसात वाढल्यात. शेजारच्या वस्तीवरचं लेकरू गेलं तेव्हा पिंजरा लावा म्हणून मीच ओरडत होतो. गाडीतून नेताना त्याचं गुरगुरणं ऐकलं आणि मलाच कसंतरी झालं. दोन्ही खरं आहे.

एका शिक्षिकेकडून

सहावीच्या मुलींना सहलीला नेलं तेव्हा एकच काम दिलं: एक प्राणी निवडा, अर्धा तास त्याच्यासमोर बसा, तो काय करतो ते लिहा. कोल्ह्यासमोर बसलेल्या गटाने लिहिलं, ‘सिमेंटवर एकाच वाटेने फिरतो. कोपऱ्यात उकरतो, पण खाली माती नाही.’ बसमध्ये त्यांचं बोलणं थांबेना. शाळेत आल्यावर त्यांनी आपणहून तिथल्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं, मी फक्त शुद्धलेखन तपासलं. पिंजरा उघडा, असं त्यात नाही. लोकांच्या नजरेपासून आडोसा करा आणि उकरायला ट्रॉलीभर माती टाका, एवढं मागितलंय. कालच पोस्टात टाकलं.