डेअरी फार्मचं लायसन नक्की कोण देतं? अर्जंट मदत हवी आहे

गोठा_हवेली
बँकेने कर्जाची फाईल अडवून ठेवली आहे. डेअरी फार्मचं लायसन आणा म्हणतात. सातबारा, आठ अ, पॅन, जनावरांच्या बिल्ल्यांची यादी, सगळं देऊन झालं. एक जण म्हणतो ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, दुसरा म्हणतो फूड लायसन. ज्यांनी स्वतः काढलंय त्यांनीच सांगा, पुढच्या आठवड्यात कागद द्यायचेत.

मुऱ्हावाला
जनावरं किती? दूध कुठे घालता? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? माझं सगळं दूध गावच्या सहकारी सोसायटीला जातं. सभासद असलं आणि सगळं दूध तिथेच घातलं तर फूडचं रजिस्ट्रेशन लागत नाही, नियमातच सूट आहे.

रानातला_माणूस
सूट शोधत बसण्यापेक्षा काढून टाका की. वर्षाला १०० रुपये फी, फॉसकॉसवर, म्हणजे फूडच्या सरकारी वेबसाइटवर, ऑनलाइन होतं. दिवसाला ५०० लिटरपर्यंत साधं रजिस्ट्रेशन पुरतं.

मुऱ्हावाला
अहो, ते दूध विकण्याचं झालं. बँक गोठ्याचं मागतेय.

कासेगावकर
शरद पवार ग्रामसमृद्धी योजनेत २ ते ६ जनावरांच्या गोठ्याला ७७,१८८ रुपये मिळतात. पंचायत समितीत रोजगार हमीच्या टेबलावर विचारा.

गोठा_हवेली
अनुदान नकोय मला. १८ एचएफ (होल्स्टीन, विदेशी जातीच्या) गायी आहेत, अजून १० घ्यायच्यात. अर्धं दूध डेअरीला, अर्ध्याचे रतीब आहेत शेजारच्या बिल्डिंगांच्या सोसायट्यांत.

रानातला_माणूस
मग रजिस्ट्रेशन लागणारच. रतीब आले की सूट गेली.

देशी_गोवंश
एचएफच्या नादाला कशाला लागता? उन्हाळ्यात धापा टाकतात. गीर घ्या.

मुऱ्हावाला
त्यासाठी वेगळा धागा काढा. गोठा_हवेली, जमीन एनए (बिनशेती) आहे का?

बांधावरून
गोठ्याला एनए कशाला? जमीन महसूल संहितेत शेत-इमारतीच्या व्याख्येतच जनावरांचा निवारा येतो. उगाच घाबरवू नका. ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, झालं.

गोठा_हवेली
ग्रामपंचायत राहिली कुठे? २०२१ ला गाव महापालिकेत गेलं.

मुऱ्हावाला
हे पहिल्या ओळीत लिहायचं ना दादा!

दूधवाली_ताई
आता सगळंच बदललं. शहरी भागात गुरं पाळण्यावर नियंत्रण ठेवणारा महाराष्ट्राचा १९७६ चा कायदा आहे. तो लागू असलेल्या भागात गुरं पाळायला लायसन लागतं. तुमचा भाग त्यात येतो का, हे जिल्हा दुग्धव्यवसाय विकास अधिकाऱ्यांकडे लेखी विचारा आणि पोच घ्या. दुसरं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये डेअरी आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार राज्य मंडळाची संमती लागते, पाणी कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ खाली. बँक बहुतेक हेच मागत असणार. कोणता कागद, तो त्यांच्याकडून लिहून घ्या.

जुना_मुंबईकर
शहर वाढलं की तबेल्यांवरच येतं. मुंबईचे तबेले हलवायला १९४९ मध्ये आरे कॉलनी काढली होती.

बांधावरून
प्रदूषण मंडळ कारखान्यांना असतं. शेतकऱ्याला कसली संमती? शेणाचं खत होतं, प्रदूषण नाही.

दूधवाली_ताई
खत होतं, मान्य. पण एका मोठ्या जनावराचं रोजचं १५ ते २० किलो शेण धरा. २८ जनावरांचे चार-साडेपाच क्विंटल झाले. धुण्याचं पाणी आणि मूत्र वेगळंच. ते ओढ्यात गेलं की तक्रार होणार, आणि ती खोटी नसणार. गोठा_हवेली, तुमची नाली कुठे जाते?

गोठा_हवेली
मागच्या चरीत. तिथून ओढा जवळच आहे. नव्या सोसायटीने वासाची तक्रार केलीय, आम्ही तिथे आधीपासून असून.

दूधवाली_ताई
मग अर्ज करण्याआधी चर बंद करा. नाली सिमेंटची करून टाकीत सोडा, ती स्लरी (शेणा-मुताचं पाणी) गवताला द्या. शेणाला पक्का खड्डा किंवा गोबर गॅस. गोठा, नाली, टाकी, खड्डा, विहीर आणि ओढा, सगळं एका नकाशावर अंतरांसह काढून अर्जाला जोडा.

गोठा_हवेली
गोबर गॅस २८ गायींना केवढा लागेल?

कासेगावकर
त्यालाही अनुदान आहे!