‘यूज्ड टू’: जोडी एक, कामे दोन

‘आय ॲम यूज्ड टू गेट अप अर्ली’ हे इंग्रजी वाक्य बरोबर असल्याचे एकाने म्हटले आहे, त्याच्याशी मी सहमत नाही. मराठीत ‘मी लवकर उठायचो’ आणि ‘मला लवकर उठण्याची सवय आहे’ यांत आपला कधी घोटाळा होत नाही. इंग्रजीत तो होतो, कारण दोन्हीकडे ‘यूज्ड टू’ (used to) हीच जोडी येते. पहिल्या अर्थासाठी ‘आय यूज्ड टू गेट अप अर्ली’ असे लिहावे, म्हणजे पूर्वी उठायचो, आता बहुधा उठत नाही. दुसऱ्यासाठी ‘आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली’ हवे, कारण येथे ‘यूज्ड’ हे विशेषण आणि ‘टू’ हे शब्दयोगी अव्यय असल्याने त्यापुढे नाम किंवा नामासारखे वापरलेले ‘आयएनजी’चे रूपच येते. शंका आल्यास तिथे साधे नाम ठेवून पाहावे: ‘आय ॲम यूज्ड टू नॉइज’ चालते, ‘आय यूज्ड टू नॉइज’ चालत नाही. मी स्वतः अजूनही हीच कसोटी लावतो.

पहिल्या अर्थाच्या नकारात व प्रश्नात ‘डिड’ आले की भूतकाळ त्यानेच सांगितलेला असतो, म्हणून ‘डिडन्ट यूज टू’ असे ‘डी’विना लिहावे, बोलताना तो ‘डी’ पुढच्या ‘टू’मध्ये विरतो, त्यामुळे ‘डिडन्ट यूज्ड टू’ ही चूक कानाला कळतच नाही. ‘अ नाइफ इज यूज्ड टू कट पेपर’ हा प्रकार मात्र निराळा. तिथे ‘वापरतात’ एवढाच अर्थ असून उच्चारही ‘यूझ्ड’ असा होतो.