नक्कल केल्याशिवाय जलरंगातला चेहरा कळत नाही

गोदाकाठ: परवा इथे कुणीतरी ठणकावून लिहिलं, ‘जुन्या चित्रांच्या नकला काढणारे आयुष्यभर नकलाच काढतात. पोर्ट्रेट शिकायचं तर समोर माणूस बसवा.’ वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

नवख्याला समोरचा माणूस काय शिकवणार? तो हलतो, उजेड सरकतो, आणि एप्रिलातल्या नाशिकच्या कोरड्या हवेत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, कपाळावरून गालापर्यंत येईस्तोवर वाळलेला असतो. त्यापेक्षा चित्रकार सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ समोर ठेवा. तीच, हाताच्या आडोशाने दिवा जपणारी. बोटांच्या फटींतला तो तांबूस उजेड काढायला बसा. फिकट पिवळा आधी सगळ्या हातावर, तो ओला असतानाच लाल, आणि भोवतालचा अंधार सगळ्यात शेवटी. अंधार आधी भरला की बोटं मेली. हा क्रम हातात बसायला तेच चित्र पुन्हा पुन्हा काढावं लागतं.

ओला_ब्रश: परवाची पोस्ट माझीच, आणि मी त्यावर ठाम आहे. तुम्ही चित्राची नाही, छापील प्रतीची नक्कल करताय. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये. कॅलेंडरवर अंधार काळाठिक्कर येतो, त्यात कुठला थर आधीचा हे कुणी सांगायचं?

माझ्याकडे एक मुलगी शिकायला यायची. नकला अप्रतिम! शेजारच्या काकूंना भरदुपारी खिडकीपाशी बसवलं, तर काकूंच्या गालावरही दिव्याचाच उजेड. समोरचं बघतच नव्हती, पाठ केलेलं उतरवत होती.

पंचवटीकर: ते रवि वर्म्यांचं चित्र ना? आमच्या घरी फ्रेम आहे, खाली तसंच छापलंय.

गोदाकाठ: नाही हो! रवि वर्मा 1906 सालीच गेले. हे 1945-46 च्या सुमाराचं आणि जलरंगातलं. सावंतवाडीकडच्या आपल्या माणसाचं श्रेय अजून दुसऱ्याच्या नावावर खपतंय, याची चीड येते. चित्रासाठी बसली होती त्यांची मुलगी गीता.

ओला_ब्रश: म्हणजे हळदणकरांनी समोर माणूस बसवला होता! माझा मुद्दा तुम्हीच सिद्ध केलात.

गोदाकाठ: तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले, स्वतःची कलासंस्था काढलेले. काल ब्रश हातात घेतलेल्या पोराशी त्यांची बरोबरी?

सही_कुणाची: तुमचं चालू द्या, पण नकलेखाली स्वतःची सही ठोकून विकणाऱ्यांचं काय? गेल्या वर्षी इथल्याच एका प्रदर्शनात बघितलं, किंमतही लावलेली. हळदणकर 1968 साली गेले. आपल्या कायद्यात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं, म्हणजे 2028 संपेपर्यंत.

गोदाकाठ: मी विकायचं कुठे म्हटलं? इथे शिकण्याची गोष्ट चाललीय!

सही_कुणाची: सुरुवात ‘फक्त शिकायला’ अशीच होते. मग फेसबुकवर फोटो, मग ‘ऑर्डर घेतो’. मूळ चित्रकाराचं नाव कुठेच नाही.

पंचवटीकर: चित्रकार धुरंधरांच्या नकला चालतील का मग? ते 1944 सालीच गेले.

सही_कुणाची: चालतील. तरी मागे नाव लिहा.

गोदाकाठ: लिहितोच, तारखेसकट. मला चोर ठरवायची गरज नाही.

ओला_ब्रश: सहीवरून नका भांडू. क्रमाचं बोला. तयार चित्रात क्रम दिसतो कुठे?

गोदाकाठ: जलरंगातच तर दिसतो! तैलरंगात वरचा थर खालचा गिळतो. इथे रंग पारदर्शक. वाळल्यावर चढवलेल्या थराची कडा धारदार उमटते, ओल्यात सोडलेला रंग पसरून कडा विरते. गालाची कडा विरलेली आणि नाकपुडीची धारदार, एवढ्यावरून कुठे थांबले होते ते कळतं.

ओला_ब्रश: चांगल्या छपाईत दिसेल, तेवढं मानतो. मोबाइलवर नाही. आणि एक नक्कल झाली की लगेच घरातलं माणूस बसवायचं, ही अट घाला, मग माझा विरोध कमी होईल.

गोदाकाठ: ‘लगेच’ नाही. हात तयार झाल्यावर.

ओला_ब्रश: तो तयार झाला हे ठरवणार कोण? तुमच्या विद्यार्थ्यांनी माणसावरून काढलेली चित्रं टाका इथे. नकला नकोत.