मदत हवी आहे: उबुंटूवर लॅपटॉपमधलं दुसरं ग्राफिक्स कार्ड चालत नाही (इंटेल + जीटीएक्स १६५०)

केळीचं_पान (रावेर)

नमस्कार मंडळी. तीन रात्री यात गेल्या, आता विचारल्याशिवाय पुढे सरकता येत नाहीये.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत. दहाव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरमधलं यूएचडी, आणि वेगळं एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०, ४ जीबीचं. उबुंटू २२.०४ टाकलंय. शेजारी विंडोज आहे, ते काढता येणार नाही, भावाचं हिशेबाचं सगळं काम त्यावर आहे.

कार्ड कशाला हवंय तेही सांगते. आमची केळी आहे. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या आणि आजूबाजूच्या शिवारातल्या पानांचे फोटो जमवतेय. करपा कुठला आणि सीएमव्ही कुठला हे फोटोवरून ओळखणारं छोटं मॉडेल पायटॉर्चमध्ये (अशी मॉडेलं शिकवायची लायब्ररी) शिकवायचंय. करपा बुरशीचा, त्याला फवारणी असते. सीएमव्ही विषाणू आहे, मावा तो पसरवतो आणि लागलेलं झाड उपटून टाकण्यावाचून इलाज नसतो. ओळखायला उशीर झाला तर शेजारच्या झाडांचंही नुकसान. नुसत्या प्रोसेसरवर मॉडेल शिकवायला घेतलं तर सगळ्या फोटोंची एक फेरी व्हायला संध्याकाळ जाते, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात लॅपटॉपवर हात ठेवता येत नाही.

आतापर्यंत जे केलं ते असं. एलएसपीसीआय कमांडमध्ये दोन्ही कार्डं दिसतात. 'अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, तो लागलाय असं तिथे दिसतं. पण एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड) चालवलं की ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असा संदेश येतो आणि पायटॉर्च कूडा (एनव्हिडिया कार्डावर गणितं चालवायची सोय) नाही म्हणतं. मग एक जुना लेख वाचून बंबलबी (दोन कार्डं सांभाळणारा प्रोग्रॅम) टाकलं, प्राइम-सिलेक्ट या कमांडनं एनव्हिडिया निवडलं. काही फरक नाही. चुकतंय कुठे?

तापीकाठ

ताई, आधी दोन गोष्टी करून सांगा. टर्मिनलमध्ये मोकयुटिल, जागा सोडून दोन डॅश, एसबी-स्टेट. मग सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया. काय उत्तर येतं ते जसंच्या तसं लिहा. (मोबाइलवर देवनागरी कीबोर्ड आहे. तुम्ही टाइप करताना रोमनमध्ये करा.)

केळीचं_पान

पहिल्याला 'सिक्युअरबूट एनेबल्ड'. दुसऱ्याला 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'.

गिरणेचं_पाणी

बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करा. दोन मिनिटांचं काम. मी तेच केलंय.

तापीकाठ

थांबा, ताईंच्या मशीनवर विंडोज आहे. त्यात बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल आणि सिक्युअर बूटला हात लावला, तर पुढच्या वेळी विंडोज रिकव्हरी की मागू शकतं. ती की हाताशी नसेल तर भावाचा हिशेब आत अडकला. गरजही नाही त्याची.

काय झालंय सांगतो. सिक्युअर बूट चालू असताना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, फक्त ओळखीची सही असलेलं मॉड्यूल (ड्रायव्हरचा तुकडा) आत घेतो. एनव्हिडियाचं मॉड्यूल डीकेएमएस या साधनानं तुमच्याच मशीनवर तयार केलं असेल, तर त्यावर सही तुमच्या मशीनच्या किल्लीची असते. ती किल्ली फर्मवेअरला एकदा ओळख करून द्यावी लागते, तिला मोक म्हणतात. ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड ठरवायला सांगितलं होतं का? आणि रीस्टार्टनंतर निळी स्क्रीन आली होती का?

केळीचं_पान

हो! दोन्ही झालं. निळी स्क्रीन आली तेव्हा काहीतरी बिघडलं असं वाटलं, भावाचा डेटा जाईल या भीतीनं 'कंटिन्यू बूट' दाबलं.

तापीकाठ

तिथेच अडलंय. ती स्क्रीन जेमतेम १० सेकंद थांबते, काही दाबलं नाही तरी निघून जाते. पुन्हा आणता येते.

पण त्याआधी बंबलबी काढा. एनव्हिडियानं दोन कार्डांची ही पद्धत, ऑप्टिमस, २०१० मध्ये आणली तेव्हा लिनक्ससाठी काहीच सोय नव्हती. म्हणून २०११ च्या सुमारास लोकांनी स्वतः बंबलबी लिहिलं आणि आम्ही कित्येक वर्षं त्यावर काढली. पण २०१९ मध्ये ४३५ क्रमांकाच्या ड्रायव्हरपासून प्राइम रेंडर ऑफलोड, म्हणजे हव्या त्या प्रोग्रॅमचं चित्र मोठ्या कार्डाकडून काढून घेणं, थेट ड्रायव्हरमध्येच आलं. बंबलबी आता मदत करत नाही, उलट एनव्हिडियाचं मॉड्यूल आपोआप लोड होऊ नये अशी फाइल मॉडप्रोबच्या फोल्डरमध्ये ठेवतं. नुसतं रिमूव्ह केलं तर ती फाइल मागे राहते. सुडो एपीटी पर्ज बंबलबी करा, मग सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस डॅश यू.

आता किल्ली. सुडो मोकयुटिल, दोन डॅश इम्पोर्ट, आणि पुढे फाइलचा पत्ता: व्हार, त्यात लिब, त्यात शिम-साइन्ड, त्यात मोक, त्यात मोक डॉट डीईआर. शेवटच्या नावात मोक कॅपिटल अक्षरांत. पासवर्ड मागेल, साधा द्या आणि कागदावर लिहा. रीस्टार्ट. निळी स्क्रीन येताच कुठलंही बटण दाबा, मग एन्रोल मोक, कंटिन्यू, येस, तोच पासवर्ड, रीबूट. भावाच्या विंडोजला यात कुठेही हात लागत नाही.

धुळ्याची_वाट

व्हई जाई ताई, फिकर नका करा. पासवर्डात फक्त इंग्रजी छोटी अक्षरं आणि आकडे ठेवा. त्या स्क्रीनला अमेरिकन कीबोर्डच कळतो, खुणांची बटणं तिथे इकडची तिकडे होऊ शकतात.

केळीचं_पान

झालं!!! एनव्हिडिया-एसएमआयमध्ये कार्डाचं नाव, ४ जीबी, तापमान, सगळं दिसतंय. पायटॉर्चनं कूडा ट्रू म्हटलं. तापीकाठ दादा, तीन रात्रींचं ओझं उतरलं, मनापासून आभार.

आता दुसरी अडचण. आमच्याकडे वीज जाते तेव्हा दोन-दोन तास येत नाही. पूर्वी बॅटरीवर तेवढा वेळ निघायचा. आता तासाभरात पंधरा टक्क्यांवर येते, नुसता ब्राउझर उघडा असला तरी. आणि बूड गरम. वीज असताना मोठं कार्ड आणि नसताना इंटेल, असं करता येईल ना? त्यासाठीच दोन कार्डं असतात अशी माझी समजूत आहे.

तापीकाठ

समजूत बरोबर आहे. तुम्ही प्राइम-सिलेक्टला एनव्हिडिया सांगून ठेवलंय, त्यामुळे सगळा पडदाच मोठ्या कार्डावर चालतोय. सुडो प्राइम-सिलेक्ट ऑन-डिमांड करा आणि रीस्टार्ट. मग डेस्कटॉप इंटेलवर राहील. ब्लेंडरसारखा एखादा प्रोग्रॅम मोठ्या कार्डावर उघडायचा असेल तर त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक करून डिस्क्रीट ग्राफिक्स कार्डचा पर्याय निवडायचा.

पायटॉर्चला तेही लागत नाही, आणि इथे खूप जण गोंधळतात. ऑफलोड हे पडद्यावर चित्र काढण्यापुरतं आहे. कूडा कार्डाशी थेट बोलतं. ऑन-डिमांडमध्ये तुमचं मॉडेल आहे तसंच चालेल.

केळीचं_पान

ऑन-डिमांड केलं. गरम होणं बरंच कमी झालं, पण बॅटरी अजून पूर्वीसारखी टिकत नाही. कार्डावर काहीच चालत नाहीये. एका टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआय दर दोन सेकंदांनी चालू ठेवलंय, त्यात वापर शून्य टक्के दिसतो.

तापीकाठ

ताई, तेच बंद करा. १६५० हे ट्युरिंग पिढीचं कार्ड आहे आणि तुमचा प्रोसेसरही पुरेसा नवा आहे, त्यामुळे काम नसताना कार्ड पूर्ण झोपू शकतं. पण एनव्हिडिया-एसएमआय विचारायला गेलं की त्याला उठावंच लागतं. दर दोन सेकंदांनी विचारलं तर झोपणार कधी? झोपलंय का हे कार्डाला न उठवता बघायचं असेल तर सिस, बस, पीसीआय, डिव्हायसेस या वाटेनं कार्डाच्या फोल्डरमध्ये जा, तिथे पॉवरमध्ये रनटाइम_स्टेटस नावाची फाइल आहे. ती कॅटनं वाचा. सस्पेंडेड असेल तर झोपलंय.

धुळ्याची_वाट

एचडीएमआयला मोठा मॉनिटर लावलाय का? पुष्कळ लॅपटॉपांत ते पोर्ट थेट एनव्हिडियाला जोडलेलं असतं. वायर लावली की कार्ड जागंच राहतं.

केळीचं_पान

मॉनिटर नाही. टर्मिनल बंद केलं, थोड्या वेळानं फाइल वाचली: सस्पेंडेड. काल संध्याकाळी सव्वासहाला वीज गेली, साडेआठला आली, लॅपटॉप तोवर चालू होता. त्या वेळात अडीचशे फोटोंना नावं देऊन झाली.

रात्री मॉडेल शिकवायला लावलं. बत्तीस-बत्तीस फोटोंचा गठ्ठा ४ जीबीत बसेना, आठवर आणला, मग नीट चाललं. संध्याकाळभर लागणारी फेरी आता आई भाकरी थापून होईपर्यंत होते. पण मिक्स्ड प्रिसिजन (काही गणितं १६ बिटांत करणं) चालू केलं की लॉसच्या, म्हणजे मॉडेलच्या चुकीच्या मापाच्या, जागी नॅन ('हा आकडाच नाही') येतो. हे माझ्या कोडमुळे असेल का?

तापीकाठ

कोडमुळे नसावं. जीटीएक्स १६ मालिकेवर असं पुष्कळ जणांना दिसलंय. मिक्स्ड प्रिसिजन बंदच ठेवा, साध्या ३२ बिटांवर चालवा. थोडा वेळ जास्त लागेल, पण उत्तरं खरी येतील.

केळीचं_पान

बंद केलं, नॅन गेला. धाग्याला 'सुटलं' अशी खूण करतेय. यावल, चोपडा, मुक्ताईनगर या बाजूला कुणाची केळी असेल आणि सीएमव्हीची पानं दिसली, तर झाड उपटण्याआधी सावलीत धरून दोन फोटो नक्की काढा आणि मला निरोप टाका. करप्याचे माझ्याकडे भरपूर आहेत, सीएमव्हीचे फारच थोडे.