पर्यावरण धोरणाचा अभ्यासक अहवाल दिला की मोकळा?

घाटमाथा: भाचीला पर्यावरण धोरणात संशोधन करायचंय. घरचे म्हणतात, अहवाल लिहायचे नि सरकारने ते कपाटात टाकायचे, यात कसलं करिअर? मला हे अजिबात पटत नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ हार्वर्डला डॉक्टरेट करून परतले, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिकीचं केंद्र उभं केलं, २००२च्या जैवविविधता कायद्याच्या घडणीत सहभागी झाले. पश्चिम घाट कसा राखायचा हे सांगायला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचा अहवाल त्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये दिला. मंत्रालयाने तो दाबून ठेवला. माहिती अधिकाराची लढाई झाली तेव्हा कुठे मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. अंमलबजावणी झाली नाही म्हणून ते काम वाया गेलं? घाटात दरड कोसळली की आजही त्याच अहवालाची आठवण निघते.

वाडीवरचा: आठवण निघून आमचं काय भलं झालं? सगळा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून त्याचे तीन स्तर केले. वाडीत बातमी पोचली ती 'आता घर बांधता येणार नाही, गुरं पाळता येणार नाहीत' अशी. अहवालात तसं नव्हतं, मान्य. पण इंग्रजीतली शेकडो पानं इथे कोण वाचणार? ग्रामसभेने ठरवावं असं लिहिता, मग ते ग्रामसभेच्या भाषेत आधी यायला नको? नंतर सरकारने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या ३७ टक्क्यांवर आणलं, ते निदान व्यवहाराला धरून होतं.

घाटमाथा: व्यवहाराला धरून होतं, तर अडलं कुठे? ती शिफारस २०१३ची. क्षेत्र संवेदनशील जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे नुसते मसुदे निघताहेत २०१४ पासून. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४चा, वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. सौम्य लिहिलं म्हणून सरकार हललं नाही. भाषेचा मुद्दा मात्र सोळा आणे खरा.

नकाशावाली: मी याच क्षेत्रात आहे. पगार प्रकल्पावर, प्रकल्प संपला की पुढचा शोधा. भाचीला हे आधीच स्पष्ट सांगा. पण काम फक्त दिल्लीत नसतं. प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस लागते, प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. एका सारांशात गावाला पाणी देणारा पऱ्ह्याच, म्हणजे ओढाच, नव्हता. गावातल्या बायकांनी जागा दाखवली, आम्ही नकाशावर चढवली, हरकत लेखी नोंदवली. धोरण तिथेही घडतं.

वाडीवरचा: असं काम असेल तर माझा विरोध नाही. अहवाल देऊन निघून जाणाऱ्यांना आहे, आणि तो राहणार. आमच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावच्या झाडा-जिवांची नोंद, तालुक्याला बसून भरलीय, देवराईतली झाडं कुणी फिरून पाहिलेली नाहीत. भाचीला पावसाआधी पाठवा. राहायची सोय करतो. लिहायचं मात्र मराठीत.