मदत हवी आहे: आईसोबत स्पेनमध्ये सायकल ट्रिप, गाड्या अजिबात नसलेला रूट हवाय (व्हिया व्हेर्दे)

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला राहते. आई सांगलीहून माझ्याकडे येतेय आणि सप्टेंबरच्या शेवटी नाहीतर ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्हा दोघींना स्पेनमध्ये चार-पाच दिवस सायकलवर फिरायचंय. आईचं वय ६३. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि नोकरीत असताना कितीतरी वर्षं शाळेत सायकलनेच जायची, ऊन असो पाऊस असो. रिटायर झाल्यावर सायकल सुटली, ती दमते म्हणून नाही तर रस्त्याची भीती बसली म्हणून. मागून ट्रकचा हॉर्न आला की ती खाली उतरून कडेला उभी राहते. मागच्या वेळी इथे आली तेव्हा इसार नदीच्या काठाने तिला नेलं होतं, तिथे गाड्या नाहीत, आणि ती एवढी खूश होती की संध्याकाळी घरी चल म्हटलं तरी ऐकेना. तेव्हापासून डोक्यात आहे की तिला एकदा असं नीट, सलग, गावागावातून मुक्काम करत फिरवायचं.

शोधाशोध करताना व्हियास व्हेर्देस सापडले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, स्पेनमध्ये ज्या रेल्वे लाइनी बंद पडल्या त्यांचे रूळ काढून त्यावर चालायला आणि सायकलला रस्ते केलेत, १९९३ पासून हे काम चालू आहे आणि आता देशभरात मिळून ३००० किमीच्या वर झालेत. रेल्वेचाच मार्ग असल्यामुळे चढ एकदम हलका, वळणं मोठी, डोंगर आला की बोगदा, नदी आली की पूल. मोटारींना बंदी. (शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर मधूनमधून येतात म्हणे, ते चालेल, आईला ट्रॅक्टरची सवय आहे.)

त्यातला मला सगळ्यात आवडलाय तो व्हाल दे साफानचा रूट. अरागॉनमधल्या ला पुएब्ला दे इहारपासून अल्कान्यिस, मग मातारान्या नदीचं खोरं, तिथून कातालुन्यात (कॅटलोनिया, बार्सेलोनाचा प्रदेश) शिरून तेर्रा आल्ताचे डोंगर आणि शेवटी एब्रो नदीच्या काठाने तोर्तोसा. ही लाइन अरागॉनला समुद्राशी जोडायला काढली होती, अल्कान्यिसपर्यंत गाडी १८९५ मध्ये आली पण पुढचं काम इतकं रखडलं की तोर्तोसाला पोचायला १९४० चं दशक उजाडलं, आणि १९७३ मध्ये बंदच झाली. एवढा खर्च, एवढे बोगदे, आणि गाडी जेमतेम तीस वर्षं धावली. वाचून वाईट वाटलं, पण त्या लोकांनी डोंगर फोडून ठेवले म्हणून आज माझ्या आईसारख्या बाईला तिथून सायकल नेता येईल याचं फार अप्रूप पण वाटतं.

आता माझे प्रश्न, जरा जास्त आहेत, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे दिशा. नकाशावर बघून वाटतंय की अल्कान्यिसकडून तोर्तोसाकडे गेलं तर एकूण उतार आहे, बरोबर ना? पण अल्कान्यिसला आता ट्रेनच जात नाही, मग तिथवर सायकली घेऊन जायचं कसं? बार्सेलोनाहून तोर्तोसाला ट्रेन आहे हे कळलं, त्यात सायकल घेतात का?

दुसरं, बोगदे. तेर्रा आल्ताच्या २३ किमीच्या तुकड्यात २० बोगदे आहेत असं दिसतंय आणि त्याच्या आधी वाल्देआल्गोर्फाजवळचा एक तर २ किमीपेक्षा लांब. आईला अंधाराची भीती नाही पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना वेळ लागतो. आत दिवे असतात का, आणि तो लांब बोगदा टाळता येतो का?

तिसरं, खाणं. आई पूर्ण शाकाहारी, अंडं चालतं. खेडेगावात काय मिळेल?

आणि तिचे गुडघे. रोज ३०-३५ किमी सपाट ती करेल, चढ आले तर नाही. ई-बाईक भाड्याने मिळते का तिकडे? सामान पुढच्या मुक्कामी पोचवणारं कुणी असतं का? तुमच्यापैकी कुणी तिथे गेलं असेल किंवा स्पेनमध्येच राहत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

--

प्रतिसाद:

ताई, आईंना घेऊन जाताय हे वाचून फार बरं वाटलं. मी आणि बायको याच रूटवर जाऊन आलोय, बार्सेलोनाला राहतो आम्ही. दिशा तुमची बरोबर आहे, वरून खाली तोर्तोसाकडेच या, उलट कुणी सांगितलं तर ऐकू नका. अल्कान्यिसहून निघाल्यावर सुरुवातीला हळूहळू चढ आहे तो वाल्देआल्गोर्फापर्यंत, मग बहुतेक उतारच. आणि वारा हा मुद्दा लोक विसरतात, एब्रोच्या खोऱ्यात सिएर्सो नावाचा वायव्येकडून येणारा वारा असतो, कोरडा आणि जोरदार, तो सुटला की समोरून झेलत सायकल चालवणं म्हणजे शिक्षा. तुमच्या दिशेला तो बहुतेक पाठीवरच असेल.

बार्सेलोना ते तोर्तोसा प्रादेशिक ट्रेन आहे, त्यात सायकल चालते, जागा असेपर्यंत. हायस्पीड गाड्यांमध्ये मात्र उघडी सायकल नाही, घडी करून किंवा बॅगेतच. पण म्युनिकहून सायकली आणायच्याच कशाला? तोर्तोसाच्या बाजूला सायकली भाड्याने देणारे आहेत, ई-बाईकसुद्धा, आणि तेच लोक तुम्हाला आणि सायकलींना गाडीत घालून वर सोडतात. म्हणजे ट्रेनने तोर्तोसा, तिथे एक रात्र, सकाळी गाडीने वर आणि मग सायकलवर परत खाली. सामानाचं पण त्यांनाच विचारा, तेच करून देतात, पण आधी ईमेल करून ठरवा, ऐनवेळी नाही.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. रेल्वेमार्गाला चढ नाही हे खरं, पण गावं रेल्वेमार्गावर नाहीत! गावं टेकडीवर आणि स्टेशन खाली, कितीतरी ठिकाणी दोन-तीन किमी लांब. ओर्ता दे सांत जोआन बघाच, पिकासो तरुणपणी १८९८-९९ मध्ये तिथे येऊन राहिला होता आणि १९०९ मध्ये परत आला, पण स्टेशनपासून गावात जायला चढ आहे आणि तो गाड्यांच्या रस्त्यावर आहे. दिवसभर मजेत चालवून शेवटच्या दोन किमीत गुडघे बोलायला लागतात. म्हणून ई-बाईक नक्की घ्या, आणि मुक्काम शक्य तिथे मार्गाला लागून असलेल्या जागी करा. काही जुन्या स्टेशनांची हॉटेलं आणि खानावळी झाल्यात, बेनिफालेतचं स्टेशन त्यातलंच. बोत गाव तर मार्गाला चिकटूनच आहे, तिथे आईंना एक पायरी चढावी लागणार नाही.

--

प्रतिसाद:

बोगद्यांबद्दल लिहितो. काहींमध्ये दिवे आहेत, पण लागतीलच असा भरवसा ठेवू नका. प्रत्येकीच्या सायकलला पुढे चांगला दमदार दिवा आणि मागे लाल दिवा हवाच, भाड्याच्या सायकलीला असलेला मिणमिणता दिवा पुरत नाही, तुमचा तुम्ही न्या. आईंसाठी एक सुचवतो, बोगद्याच्या तोंडाशी उतरायचं, गॉगल काढायचा, मिनिटभर सावलीत डोळे मिटून उभं राहायचं आणि मग तुम्ही पुढे, आई मागे. काही बोगदे वळणाचे आहेत, दुसरं टोक दिसत नाही, तिथे चालत गेलात तरी काही बिघडत नाही. आत गार असतं, अंगावर काहीतरी घ्या.

वाल्देआल्गोर्फाचा लांब बोगदा एकदम सरळ आहे आणि त्याची गंमत म्हणजे विषुवदिनाच्या (दिवस-रात्र सारखे असतात तो दिवस) आसपास सूर्याचा उजेड आरपार जातो, त्यासाठी लोक मुद्दाम जमतात. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसाला दोन किमी अंधारात नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. शटलवाल्याला सांगा की आम्हाला बोगद्याच्या पलीकडे, मातारान्याच्या खोऱ्यात सोडा. तुमचं काही हुकत नाही, खरं सुंदर तिथूनच सुरू होतं. बदाम, ऑलिव्ह, द्राक्षाचे मळे, आणि वाटेवरून जरा बाजूला वाल्देर्रोब्रेस, नदीवर दगडी पूल आणि वर किल्ला. तिथे टॅक्सीने जा, सायकलने नको, डांबरी रस्त्यावर गाड्या आहेत.

अजून एक, अरागॉनच्या बाजूला मार्ग खडी-मातीचा आहे, कातालुन्यात बराच गुळगुळीत. पातळ टायरची सायकल घेऊ नका. आणि गावाबाहेर हेल्मेट सक्तीचं आहे.

--

प्रतिसाद:

जरा वेगळं मत. ६३ व्या वर्षी पहिलीच अशी ट्रिप असेल तर बोगद्यांचा रूट कशाला? अंदालुसियातला व्हिया व्हेर्दे देल असेइते बघा, म्हणजे तेलाचा रस्ता, हाएनपासून पुएन्ते हेनिलपर्यंत १२८ किमी. ऑलिव्ह तेल नेणारी ट्रेन धावायची तिथे, १९८५ मध्ये बंद झाली. लोखंडी पूल इतके देखणे आहेत की प्रत्येकावर थांबावंसं वाटतं, आणि दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर ऑलिव्हची झाडं, जगात सगळ्यात जास्त ऑलिव्ह तेल याच हाएन प्रांतात होतं. दोन्या मेन्सिया, काब्रा, लुसेना ही गावं मार्गावरच, आणि सुएरोस हे पांढरं गाव कड्याला टेकून वसलंय, वर किल्ला. हाएनला ट्रेन येते. फक्त सप्टेंबरच्या शेवटी ऊन चांगलंच असतं आणि सावली नाही, त्यामुळे ऑक्टोबरच धरा.

--

प्रतिसाद (वरच्याला):

सावली नाही हाच मुद्दा आहे ना. तेल रूट छान आहे पण मैलोन्मैल तेच झाड. ताईंना नदीचं खोरं हवंय. तेर्रा आल्तामध्ये कानालेतेस नदीची घळ, खाली फोन्तकाल्दाचं देऊळ आणि त्याच्याजवळ कोमट पाण्याचे झरे, लोक डुंबत असतात. मार्गावरून खाली पायवाटेने उतरावं लागतं, परत चढायचं असतं, आईंच्या गुडघ्यांना झेपलं तरच. पुढे चेर्ताला एब्रोवरचा जुना बंधारा. शेवटचे २५-२६ किमी तर नदीच्या संगतीने, संत्र्याच्या बागांमधून. सांगलीच्या माणसाला नदीकाठ सोडून ऑलिव्ह दाखवू नका!

आणि वेळ असेल तर एक दिवस कोर्बेरा देब्रेला जा. स्पेनच्या यादवी युद्धात १९३८ मध्ये एब्रोची लढाई जुलै ते नोव्हेंबर चालली, त्यात हे गाव उद्ध्वस्त झालं आणि जुनं गाव तसंच ठेवलंय, चर्चचं छप्पर उडालं होतं, आता वर पारदर्शक आच्छादन घातलंय. तुम्ही ज्या शांत डोंगरातून सायकल चालवाल तिथेच हे सगळं घडलं. आई शिक्षिका आहेत, त्यांना हे बघायला नक्की आवडेल.

--

प्रतिसाद:

खाण्याचं मी सांगते, मी शाकाहारी आहे आणि सालामान्काला शिकायला होते. तोर्तिया दे पातातास, म्हणजे बटाटा घातलेलं जाड ऑम्लेट, प्रत्येक बारमध्ये मिळतं, अंडं चालतं म्हणजे तुमचं अर्धं काम झालं. टोमॅटो चोळलेला पाव कातालुन्यात कुठेही. पिस्तो म्हणजे भाज्यांचं मऊ कालवण, आईंना आवडेल. सांभाळायचं कुठे, तर मिक्स सॅलडमध्ये टूना असतो, मसूर-हरभऱ्याच्या भांड्यात चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) किंवा हॅम असतं आणि "भाजीचं आहे" असंच सांगतात, कारण त्यांच्या दृष्टीने हॅमचे तुकडे म्हणजे मांस नव्हे. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून" (मांस, मासे, हॅम, टूना काहीच नको) एवढं कागदावर लिहून दाखवा.

वेळा पाळा! दुपारचं जेवण दोन ते चार, त्यानंतर किचन बंद, रात्रीचं साडेआठच्या आत कुणी देत नाही. दुकानं दुपारी बंद, रविवारी तर विचारूच नका. त्यामुळे सॅडलबॅगेत पाव, चीज, फळं आणि आईंनी आणलेला चिवडा-लाडू ठेवाच. पाणी प्रत्येकी दोन बाटल्या, वाटेत नळ कमी आहेत.

आईंचा शेंगेन व्हिसा जर्मनीकडून असेल तर स्पेनला वेगळं काही लागत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा असतोच, पण त्यात सायकलिंगचा अपघात कव्हर होतो का ते वाचून घ्या. मदतीचा नंबर ११२.

--

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. आईला फोनवर सगळे प्रतिसाद वाचून दाखवले. तिने तिचं ठरवलंय, नदीच हवी. त्यामुळे व्हाल दे साफान फायनल, लांब बोगद्याच्या पलीकडून सुरुवात, ई-बाईक, ऑक्टोबरचा पहिला आठवडा. कोर्बेराचं ऐकून ती लगेच म्हणाली की तो दिवस नक्की ठेव. बोगद्याच्या तोंडाशी डोळे मिटून थांबायची आयडिया तिला पटली, डोळ्यांच्या डॉक्टरांना पण विचारून घेणार आहे.

आता फक्त मुक्काम ठरवायचे राहिलेत. पहिली रात्र क्रेतासच्या आसपास, दुसरी बोत, तिसरी बेनिफालेत आणि मग तोर्तोसा, असं धरलंय. बोतला दोन रात्री करून मधला दिवस कोर्बेरासाठी टॅक्सी घ्यावी, की तोर्तोसाला पोचल्यावर तिथून जावं? आणि क्रेतासला मार्गापासून गावात जायला किती चढ आहे, ई-बाईकवर आई चढेल का? बार्सेलोनावाले दादा, तुम्ही तिथे राहिला होतात का?