विमा नसलेल्या बाइकचा अपघात: ‘जागेवर मिटवा’ हा सल्ला देऊ नका

हातखंबा_वळण

कालच्या चर्चेत एकाने छातीठोकपणे लिहिलंय: "इन्शुरन्स संपलेला असेल तर पोलीस ठाण्याची पायरी चढू नका. समोरच्याच्या हातावर दोन-पाच हजार ठेवा, गाडी उचला आणि निघा." त्याखाली कितीतरी अंगठे. म्हणून सविस्तर लिहितोय.

विम्याशिवाय गाडी चालवली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९६ चा दंड पहिल्या वेळी २,००० रुपये किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दंड ४,०००. दंडाला घाबरून लोक पळतात, पण खरं ओझं दुसरंच आहे. समोरच्याच्या पायात रॉड बसला की ऑपरेशन, बुडालेली मजुरी आणि कायमचं अधूपण, या सगळ्याची भरपाई अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं. त्याला वरची मर्यादा नाही, आणि विमा नसला की ती मालकाच्या खिशातूनच जाते. स्टॅम्पपेपरवर "आमची तक्रार नाही" लिहून घेतलं तरी त्याचा दाव्याचा हक्क आपोआप बुडत नाही. १ एप्रिल २०२२ पासून कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणजे आज हात मिळवून गेलेला माणूस चार महिन्यांनी नोटीस पाठवू शकतो.

चूक समोरच्याची असेल तर पळणं आणखी महागात पडतं. तुमचा विमा नसला तरी समोरच्या ट्रकच्या विमा कंपनीवर तुमचा दावा लागतो. विमा नसणं हा तुमचा वेगळा गुन्हा आहे, त्याने ट्रकवाल्याची बेफिकिरी पुसली जात नाही.

मासळीच्या गाडीतून गळलेलं पाणी वळणावर सांडलेलं असतं, त्यावरून पुढचं चाक सुटतं, हे इथे कोकणात सगळ्यांना ठाऊक आहे. ती ओली चिकट रेघ तासाभरात वाळते. म्हणून पुरावा लगेच टिपायचा. पण पडल्यावर आधी किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण), पेट्रोलचा कॉक असेल तर तो बंद. जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका. १०८ लावा. गाड्या हलवायच्या आधी फोटो: दोन्ही नंबरप्लेट, टायरच्या खुणा, रस्त्यावरचं पाणी, जवळचा किलोमीटरचा दगड. कलम १३४ प्रमाणे २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवायचं असतं.

दवाखान्यात "घसरून पडलो" असं सांगू नका. केसपेपरवर तेच लिहिलं जातं आणि पुढे दावा तिथेच अडतो. वाहनाची धडक बसली असेल तर गाडीचा नंबर सांगा, एमएलसीची (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी) नोंद करून घ्या. मे २०२५ च्या केंद्राच्या योजनेत ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखांचे उपचार कॅशलेस आहेत, धडक देणाऱ्या गाडीला विमा नसला तरी. पण त्याला पोलिसांकडची नोंद लागते. जागेवर मिटवलंत की जखमीचा हा आधारही गेला.

कुडाळचो_झील

कलमा सगळ्यांका म्हायत आसत. पण गाडी ठाण्याच्या आवारात पावसात भिजत रवता, त्याचा काय?

आता नीट लिहितो, कारण हातखंबावाल्यांनी हा भाग गाळलाय. दुखापत झाली आणि विमा नसला तर गाडी सहज सुटत नाही. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलंय की अशी गाडी मालकाने पुरेशी जामिनकी दिल्याशिवाय सोडायची नाही, आणि तीन महिन्यांत ती दिली नाही तर लिलाव करून पैसे न्यायाधिकरणात भरायचे. जून ते सप्टेंबर आवारात उभी राहिलेल्या बाइकचं काय होतं? बॅटरी उतरून मरते, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल चिकट होऊन जेट बुजतात, कॅलिपरचा पिस्टन खाऱ्या हवेने जागीच धरतो, टाकीला आतून गंज. गाडी सुटली तरी चालवत घरी आणता येत नाही. तीच बाइक घेऊन जो रोज मासळी विकायला फिरतो, त्याला कलम १३४ ऐकवून पोट भरत नाही.

हातखंबा_वळण

जामिनकीचा मुद्दा खरा आहे, तो मी लिहायला हवा होता. पण म्हणून पळा, हे त्यातून निघत नाही. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. किलोमीटरचा आकडा, आरसे, बॅटरी, जुने ओरखडे सगळं लिहून घ्या. आरटीओच्या निरीक्षकाची तपासणी लवकर व्हावी म्हणून मागे लागा आणि सुपूर्तनाम्याचा, म्हणजे गाडी परत ताब्यात मिळण्याचा अर्ज पहिल्याच आठवड्यात कोर्टात टाका. नुसता आरसा-इंडिकेटर फुटला आणि कोणाला लागलं नाही, तर आधी ठाण्यात नोंद करा आणि मग आपसात खर्च द्या. पावतीवर गाडीचा नंबर आणि कशाचे पैसे ते लिहा.

पडवीतली_पल्सर

गावाला ठेवलेल्या गाड्यांबद्दल कोणीच बोलत नाही. चाकरमान्याची गाडी वर्षभर पडवीत गोणपाटाखाली असते. शिमग्याला पाच दिवस, गणपतीला सात. बारा दिवसांसाठी वर्षाचा विमा घ्या म्हणणं अन्यायाचं आहे. दिवसावर विमा मिळाला तर सगळेच घेतील.

जांभा_चिरा

अन्याय? ७५ ते १५० सीसीच्या बाइकचा थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीचा विमा) हप्ता २०२२ च्या दराने ७१४ रुपये, जीएसटी धरून ८४३ च्या आसपास. गौरी-गणपतीत महामार्गावर मुंबईच्या गाड्यांची रांग, वरून पाऊस, आणि त्यात वर्षभर न चाललेली गाडी: हवा बसलेले टायर, गंजलेली डिस्क, कडक झालेली क्लच केबल. धोक्याचे तेच बारा दिवस!

आणि १ सप्टेंबर २०१८ नंतर घेतलेल्या गाडीबरोबर पाच वर्षांचा थर्ड पार्टी आला होता. तो पहिल्यांदा सप्टेंबर २०२३ पासून संपायला लागला. "गाडीला पाच वर्षांचा आहे" हे डोक्यात बसलेले लोक आजही बिनविम्याचे फिरतायत. कागद काढून तारीख बघा.

पडवीतली_पल्सर

गावात राहणारे सगळे विमा काढतात का? आठवडी बाजारात उभ्या बाइक तपासा आणि मग मुंबईकरांवर घसरा.

जांभा_चिरा

नाही काढत, मान्य. पण तुमच्या गाड्यांत आणखी एक घोळ असतो: आरसी (नोंदणीपुस्तक) वारलेल्या वडिलांच्या नावावर. विमेदार गेला की पॉलिसी तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, जे आधी येईल तेवढीच चालते. त्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करायची. गाडीची आरसी नावावर करायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, बाकी वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र, चालू विमा आणि पीयूसी, एवढं आरटीओत लागतं. हे न करता भाच्याच्या हातात चावी दिली आणि त्याने कोणाला उडवलं, तर कोर्टात सगळे वारस ओढले जातात. भाचा अठराच्या आतला असेल तर कलम १९९अ: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, वर नोंदणी एक वर्ष रद्द.

खाडीपल्याड

विकलेल्या गाड्यांचं तेच. फॉर्म २९-३० वर (विक्रीनंतर नाव बदलायचे आरटीओचे फॉर्म) सही करून गाडी देऊन टाकतात आणि घेणारा नावावर करत नाही. २०१८ मध्येच सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की भरपाईला नोंदणीकृत मालक जबाबदार. गाडी देवगडात आणि नोटीस डोंबिवलीत. दुसरं, नुसता थर्ड पार्टी घेऊन निर्धास्त होऊ नका. तुमच्या मागे बसलेला माणूस त्यात येत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी (थर्ड पार्टीपेक्षा व्यापक विमा) लागते. बायको आणि मूल मागे बसवून जाणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

कुडाळचो_झील

हे मात्र बहुतेकांना माहीत नाही. पण मूळ प्रश्नावर या. मुदत संपलीय हे पडल्यावर कळलं, तर तिथेच मोबाइलवर पॉलिसी काढतात, त्याला कोणी काही बोलत नाही?

हातखंबा_वळण

पॉलिसीवर सुरू होण्याची तारीख आणि वेळ छापलेली असते. १०८ च्या कॉलची वेळ, केसपेपरची वेळ, पंचनाम्याची वेळ, सगळं त्याच्या आधीचं निघतं. कंपनी त्या अपघाताचं काही देत नाही, आणि खोटेपणाचा डाग लागतो तो वेगळा.

पडवीतली_पल्सर

पाचशे-सातशेचा वाद मी सोडतो. एका वारसाने संमती दिली नाही तर फॉर्म ३१ पुढे सरकतो का?

जांभा_चिरा

नाही. कोर्टातून वारस दाखला आणावा लागतो, त्यात महिने जातात. तोवर चावी कोणाला देऊ नका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.